"आज उड्डाण नाही" हे ऐकायची तयारी ठेवा

आमच्या खारघरच्या सोसायटीतल्या पाच-सहा घरांनी मिळून पावसाळ्यानंतर केदारनाथला जायचं ठरवलंय. परवा संध्याकाळी मंडळी खाली बाकावर बसली होती. शेजारच्या विंगमधल्या काकूंनी मला थांबवलं. "तुम्ही एवढी वर्षं हेलिकॉप्टरने ये-जा केलीत. खरं सांगा, बसावं का हो त्यात?" मी दोन मिनिटांत काहीतरी उत्तर देऊन वर आलो. पण ते उत्तर अर्धवट होतं आणि रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे. जाणाऱ्यांनी तरी पूर्ण वाचावी.

मी २२ वर्षं बॉम्बे हायला, म्हणजे समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं. १४ दिवस प्लॅटफॉर्मवर, १४ दिवस घरी. मुंबईपासून समुद्रात साधारण १६० किलोमीटर, त्यामुळे जाणं-येणं जुहूवरून चॉपरने. पहाटे घरातून निघायचं, जुहूला बॅगेसकट वजनकाट्यावर उभं राहायचं, लाइफ जॅकेट बांधायचं, कानात बोळे घालायचे आणि बसायचं. सुरुवातीला पोटात गोळा यायचा. पुढे पुढे एसटीत बसावं तसं झालं.

या नोकरीत आधी एक ट्रेनिंग करावं लागतं, आम्ही त्याला ह्युएट म्हणतो. चॉपर समुद्रात पडलं तर बाहेर कसं यायचं, त्याचं. तरणतलावात हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा एक सांगाडा असतो. त्यात पट्टा लावून बसवतात, पाण्यात सोडतात आणि उलटा करतात. नाकातोंडात पाणी जातं, डोळ्यांसमोर नुसते बुडबुडे. शिकवलेलं असतं की एक हात खिडकीच्या कडेला घट्ट, दुसरा बकलवर. सांगाडा फिरायचा पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. पहिल्याच वेळी मी घाईघाईने पट्टा सोडला, खिडकीवरचा हातही सुटला. आणि वर कुठे, खाली कुठे, हेच कळेना. मी पूर्ण खात्रीने वर जातोय असं समजून तळाकडे हात मारत होतो. डायव्हरने दंडाला धरून बाहेर काढलं.

ही गोष्ट सांगतोय कारण हेलिकॉप्टरच्या बऱ्याच वाईट अपघातांत नेमकं हेच घडतं. फक्त पाण्याऐवजी ढग असतो.

माणसाला वर-खाली समजतं ते डोळ्यांमुळे. डोळ्यांसमोर पांढरं झालं की कानातला तोल सांभाळणारा भाग उरतो, आणि तो साफ चुकीचं सांगतो. यंत्र एका बाजूला हळूहळू कलत असतं आणि माणसाला वाटतं आपण सरळ चाललोय. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात २० वैमानिकांवर प्रयोग झाला. फक्त नजरेने विमान चालवायची सवय असलेल्यांना ढगासारख्या परिस्थितीत घातलं. विसाच्या विसांचा ताबा गेला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत. आणि ती विमानं होती. हेलिकॉप्टर तर मुळातच अस्थिर, हात सुटला की स्वतःहून सरळ राहत नाही.

२६ जानेवारी २०२० ला बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं हेलिकॉप्टर लॉस एंजेलिसजवळच्या टेकडीवर आदळलं. त्याच्या मुलीसकट नऊ माणसं गेली. शेवटी पायलटने कंट्रोलला सांगितलं होतं की मी ढगांच्या वर जायला ४,००० फुटांवर चढतोय. प्रत्यक्षात हेलिकॉप्टर डावीकडे वळत झपाट्याने खाली येत होतं. तो नवशिका नव्हता, हजारो तासांचा अनुभव होता. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तरणतलावाचा तळ आठवला.

८ डिसेंबर २०२१, कुन्नूर. जनरल बिपिन रावत यांच्यासह १४ जणांचा जीव गेला. तिन्ही दलांच्या चौकशीत निघालं की दरीत हवा अचानक बदलली, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, पायलटचं दिशाभान गेलं. यंत्रात बिघाड नव्हता. २ ऑक्टोबर २०२४, आपल्या पुण्याचं बावधन. सकाळचं धुकं, टेकड्या, जुहूकडे निघालेलं हेलिकॉप्टर, तीन मृत्यू.

ज्यांना हे लांबचं वाटतं त्यांनी जुलैत आमच्या गच्चीवर यावं. समोर खारघरचा अख्खा डोंगर स्वच्छ दिसत असतो, पांडवकड्याची धार दिसत असते. तुम्ही चहा टाकायला आत जाता आणि कप घेऊन बाहेर येईपर्यंत डोंगर नसतो. बघता बघता समोर पांढरी भिंत. आता तो डोंगर दोन्ही बाजूंना आहे, मध्ये अरुंद दरी आहे आणि तुम्ही ताशी दीड-दोनशेच्या वेगाने त्यातून चालला आहात असं समजा. केदारनाथची वाट अशी आहे.

लोकांना भीती वाटते ती इंजिनाची. "इंजिन बंद पडलं की दगडासारखं खाली." असं नसतं. उंची आणि वेग हाताशी असेल तर खालून येणाऱ्या हवेवर वरचा पंखा फिरता ठेवता येतो आणि उतरता येतं. प्रत्येक हेलिकॉप्टर पायलट हे शिकलेला असतो. यंत्राचे अपघात होतात, नाही असं नाही. नॉर्वेत २०१६ साली गिअरबॉक्समधल्या एका छोट्या गिअरला आतल्या आत तडा गेला, वरचा आख्खा पंखाच सुटला, १३ जण गेले. गिअरबॉक्समध्ये धातूचा चुरा पकडणारा चुंबकाचा प्लग असतो. आम्ही तसलेच प्लग प्लॅटफॉर्मवरच्या मशिनांवर बघायचो. तिथे त्या प्लगने काहीच इशारा दिला नाही, कारण तडा पृष्ठभागाखाली वाढत होता. माझ्यासारख्या इन्स्ट्रुमेंटवाल्याला हे वाचून हबकायला होतं. पण अशा गोष्टींवर तुम्हीआम्ही काही करू शकत नाही.

तारांचं तेवढं सांगतो. खाडीवरून गेलेल्या हाय टेन्शनच्या तारा आपल्याला खालून आभाळाच्या उजेडावर ठळक दिसतात. वरून बघताना त्या झाडापाण्यात मिसळून जातात. म्हणून पायलटला तार शोधू नको, टॉवर शोध, असं शिकवतात. २५ मे २०१७ ला निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडाल्या उडाल्या खाली आलं ते तारांमध्येच. सगळे वाचले. ८ मे २०२५ ला उत्तरकाशीत गंगनानीजवळ सहा जण गेले. तिथे रस्त्यावर उतरायचा प्रयत्न करताना पातं वरून गेलेल्या केबलला लागलं, असं प्राथमिक अहवाल सांगतो.

आता मुद्द्यावर येतो. अपघात झाला की टीव्हीवर दोनच शब्द येतात, तांत्रिक बिघाड नाहीतर पायलटची चूक. आणि आपण म्हणतो, "काळ आला होता." मला हे तिन्ही पटत नाहीत. पायलट ढगात शिरतो ही चूकच. पण त्याने त्या दिवशी निघावं असं कोणाकोणाला वाटत होतं? मालकाला फेऱ्या भरायच्या असतात. पुढाऱ्याला तीन सभा गाठायच्या असतात. आणि प्रवाशाची परतीची गाडी उद्याची असते. हा प्रवासी म्हणजे मी होतो, म्हणून सांगतो.

एका जुलैत माझी ड्युटी संपून तीन दिवस झाले होते, हवेमुळे चॉपर येत नव्हतं. घरी वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. आम्ही रेडिओ रूममध्ये जाऊन त्या बिचाऱ्या ऑपरेटरचं डोकं खायचो, अहो, आभाळ तर मोकळं दिसतंय. चौथ्या दिवशी चॉपर आलं. आम्ही बॅगा घेऊन हेलिडेकच्या जिन्यात उभे. त्याने डेकभोवती एक फेरी घेतली आणि न उतरता जुहूकडे तोंड वळवलं. जिन्यातून कोणीतरी ओरडलं, "घाबरट!" तो आवाज माझाही होता. श्राद्ध माझ्याशिवाय झालं. त्या पायलटचं नाव मला कधीच कळलं नाही.

२८ जून २०२२ ला बॉम्बे हायच्याच सागर किरण रिगजवळ चॉपर समुद्रात उतरलं. नऊ जण होते, चार गेले. त्याआधी १३ जानेवारी २०१८ ला जुहूहून निघालेले सात. त्याआधी ऑगस्ट २००३ मध्ये २७. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येक घराला या तारखा पाठ आहेत. सागर किरणची बातमी आली त्या रात्री मला तो जिना आठवला, आणि तो पायलट. त्याने काय पाहिलं होतं मला माहीत नाही. खाली बॅगा धरून उभी असलेली माणसं त्याला दिसत होती, त्यांचा राग कळत होता, आणि तरी तो परत गेला. आज वाटतं, त्याच्याइतकं धैर्य त्या जिन्यात कोणाकडेच नव्हतं.

१५ जून २०२५ ला पहाटे केदारनाथच्या वाटेवर गौरीकुंडजवळ हेलिकॉप्टर पडून सात जण गेले. त्यात यवतमाळच्या वणीचं एक कुटुंब होतं, लेकरू दोन वर्षांचंही नव्हतं. त्या सीझनमधली दीड महिन्यातली ती पाचवी घटना. आणि बंद झालेली सेवा पुन्हा सुरू कधी होणार, याची विचारणा लगेच चालू झाली होती. विचारणारे वाईट नव्हते. लांबून आलेले, पैसे भरलेले, म्हातारी आई बरोबर असलेले लोक होते. पण हेलिपॅडवरच्या त्या रांगेचं वजन पायलटच्या खांद्यावर बसतं, आणि ते कुठल्या काट्यावर मोजलं जात नाही.

नियम कडक हवेत, दरीत हवामानाची यंत्रं आणि कॅमेरे हवेत, खराब हवेत परत फिरलेल्या पायलटला कंपनीत कोणी बोल लावता कामा नये. हे सगळं सरकारने करावं, मी त्यासाठी भांडायला तयार आहे. पण तुमच्या हातात आहे ते तुम्ही करा.

तर काकू, तुमच्यासाठी. हेलिकॉप्टरचं तिकीट काढा, पण परतीची गाडी लगेच दुसऱ्या दिवसाची काढू नका, मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा. सकाळचं उड्डाण घ्या, दुपारनंतर डोंगरात हवा फिरते. वजन विचारलं तर खरं सांगा आणि सामान खाली ठेवा. केदारनाथ साडेअकरा हजार फुटांच्या वर आहे, तिथे हवा विरळ, पंख्याला पकड कमी मिळते, पाच-दहा किलोंनीही फरक पडतो. गौरीकुंडहून १६ किलोमीटरच्या वर चढ आहे, घोडा आणि डोली मिळते, त्याचेही पैसे वेगळे काढून ठेवा. आणि काउंटरवरचा मुलगा म्हणाला की आज उड्डाण नाही, तर त्याच्याशी वाद घालू नका. पायलट समोर दिसला तर त्याला नमस्कार करा. माझा एक राहिलाय, तोही सांगा.