शनिवारची हजेरी : ग्रँड ओल ऑप्रीवरील एका आरोपाचा प्रतिवाद

अमेरिकेतील नॅशव्हिल शहरातून दर शनिवारी रात्री रेडिओवर थेट प्रसारित होणारा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री संगीताचा रंगमंचीय कार्यक्रम नोव्हेंबर २०२५ मध्ये शंभर वर्षांचा झाला. त्याच्या कलाकारांविषयी एक आरोप वर्षानुवर्षे फिरत आहे. तो थोडक्यात असा : ऑप्री मुळात मातीतल्या माणसांची होती, पुढे ती व्यापाऱ्यांच्या हाती गेली, तिने आपले अस्सल कलावंत एकेक करून हाकलले, म्हणजे हँक विल्यम्स यांना मत्सरापोटी, एल्विस प्रेस्ली यांना ‘ट्रक चालवायला परत जा’ असे सुनावून आणि जॉनी कॅश यांना कायमची बंदी घालून, बायकांना शोभेपुरते ठेवले, आज तिथे तहहयात सदस्यत्व मिळालेले म्हातारे ठाण मांडून बसले आहेत, आणि कृष्णवर्णीय कलाकाराला तर १९६७ पर्यंत त्या मंचावर पायच ठेवू दिला नव्हता.

या आरोपातील राग मला समजतो, त्यातला काही भाग रास्तही आहे. परंतु त्याचे बहुतेक तपशील चुकीचे आहेत, आणि त्यांतील बऱ्याच चुकांचे मूळ एकच आहे. ऑप्रीचे सदस्यत्व म्हणजे श्रेष्ठ गायकांना मिळणारे मानपत्र, असे आरोप करणारा गृहीत धरून चालतो. प्रत्यक्षात निदान पहिली चार-पाच दशके ते हजेरीपट असलेले काम होते, आणि त्या कामावर खाडा चालत नसे.

‘आधी माती, मग व्यापार’ हा क्रमच मुळी उलटा लावलेला आहे. ऑप्री प्रसारित करणारे डब्ल्यूएसएम हे रेडिओ केंद्र ५ ऑक्टोबर १९२५ रोजी सुरू झाले ते नॅशनल लाइफ अँड ॲक्सिडेंट या विमा कंपनीच्या मालकीचे म्हणून. केंद्राच्या नावातील तीन अक्षरे ही ‘आम्ही लाखोंचे रक्षण करतो’ अशा अर्थाच्या कंपनीच्या घोषवाक्याची आद्याक्षरे होती, आणि पुढे कंपनीचे विमा एजंट दारोदार जाताना याच कार्यक्रमाच्या नावाने ओळख काढत. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी केंद्राचे निवेदक जॉर्ज हे यांनी ७७ वर्षांच्या अंकल जिमी थॉम्पसन यांना फिडल घेऊन माइकसमोर बसवले, तिथपासून ऑप्रीचा जन्म मोजला जातो. त्यानंतर आलेल्या वादकांमध्ये खेड्यापाड्यांतील माणसे होतीच. पण पहिल्या लोकप्रिय वाद्यवृंदांपैकी एकाचे प्रमुख हम्फ्री बेट हे शिकलेसवरलेले डॉक्टर होते. त्यांच्या संचाला ‘पॉसम हंटर्स’ हे रानटी वाटणारे नाव जॉर्ज हे यांनी दिले, आणि इस्त्रीच्या कपड्यांत येणाऱ्या वादकांना शेतकऱ्यांचे कपडे घालून छायाचित्रांसाठी उभे करण्याची कल्पनाही त्यांचीच. मातीचा वास हा या कार्यक्रमाचा पहिला नेपथ्यविशेष होता, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आता हजेरीविषयी. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात सदस्याने वर्षातून किमान २६ वेळा ऑप्रीत गायला यावे, असा नियम होता. शनिवारची रात्र हीच बाहेरगावच्या सुपाऱ्यांची सर्वांत कमाईची रात्र असते, आणि ऑप्रीची बिदागी त्या मानाने क्षुल्लक होती. म्हणजे सदस्य राहायचे तर वर्षातील जवळजवळ निम्मे चांगले शनिवार सोडून द्यायचे. हा तोटा कलाकार सोसत, कारण डब्ल्यूएसएमचे ५०,००० वॉटचे प्रक्षेपण रात्री अर्ध्या अमेरिकेत पोचत असे आणि ‘ऑप्रीचे कलाकार’ एवढी ओळख जाहिरातीत असली, की आठवड्याच्या बाकीच्या दिवसांचे दौरे भरत. हे गणित ज्यांना परवडेनासे झाले ते गळाले. डिसेंबर १९६४ मध्ये हजेरी न भरल्यामुळे एकदम बारा कलाकारांची नावे कमी करण्यात आली, आणि त्यांत किटी वेल्स, चेट ॲटकिन्स, रे प्राइस, फॅरन यंग अशी त्या काळची मोठी नावे होती. यामागे मत्सराचा संशय घ्यायला जागा नाही. निर्णय कठोर होता, आणि धंद्याच्या दृष्टीने कदाचित अदूरदर्शीही; पण तो हजेरीपट पाहून घेतलेला होता.

हँक विल्यम्स यांची हकीकत याच चौकटीत बसते. ११ जून १९४९ रोजी ते ऑप्रीत प्रथम गायले आणि प्रेक्षकांनी त्यांना सहा वेळा परत बोलावले, असे सांगतात. संगीत नाटकांच्या वन्समोअरवर वाढलेल्या आपल्या मागच्या पिढ्यांना त्या रात्रीची कल्पना सहज करता आली असती. तीन वर्षांनी, ११ ऑगस्ट १९५२ रोजी, त्यांना काढून टाकण्यात आले. दारू आणि तिच्यापायी बुडालेले कार्यक्रम हे त्याचे कारण होते. ऑप्रीने त्यांना घेताना आधी जी चालढकल केली होती, तीही याच भीतीने. ते परत श्रीव्हपोर्टच्या ‘लुइझियाना हेराइड’ या प्रतिस्पर्धी रेडिओ कार्यक्रमात गेले आणि १ जानेवारी १९५३ रोजी, ओहायोतील कार्यक्रमाला जाताना, मोटारीच्या मागच्या आसनावर वयाच्या २९ व्या वर्षी वारले. पाठीच्या असह्य दुखण्याने पिडलेल्या माणसाला अशा वेळी वाऱ्यावर सोडणे माणुसकीला धरून होते का, हा प्रश्न जरूर विचारावा. पण आरोप करणारा तो विचारत नाही. तो प्रतिस्पर्ध्यांच्या मत्सराची गोष्ट सांगतो, आणि तिला आधार नाही.

एल्विस यांच्याविषयीच्या किश्श्याची तर इतकी पारायणे झाली आहेत की तो खोडून काढणारा माणूसच खोटा वाटावा. एवढे निश्चित आहे की १९ वर्षांचे एल्विस २ ऑक्टोबर १९५४ रोजी ऑप्री तेव्हा जिथे होत असे त्या रायमन सभागृहात, हँक स्नो सूत्रसंचालन करत असलेल्या भागात पाहुणे म्हणून आले आणि बिल मन्रो यांच्या ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ या गाण्याची आपली आवृत्ती त्यांनी सादर केली. प्रतिसाद बेताचा होता. पुढे काय झाले याच्या दोन हकीकती आहेत. ट्रकच्या शेऱ्याची हकीकत अधिक प्रसिद्ध आहे, कारण एल्विस मेम्फिसमध्ये खरोखरच ट्रक चालवत असत. दुसरी हकीकत चरित्रकारांनी त्यांचे ध्वनिमुद्रक सॅम फिलिप्स यांच्या सांगण्यावरून दिली आहे. तिच्यानुसार ऑप्रीचे व्यवस्थापक जिम डेनी यांनी मुलगा वाईट नाही, पण आपल्या कार्यक्रमात बसत नाही, एवढेच फिलिप्स यांना सांगितले. मला दुसरी अधिक संभवनीय वाटते, कारण तिच्यात नाट्य कमी आहे. ड्रम आणल्यामुळे एल्विस यांना नाकारले, अशीही एक जोड या किश्श्याला दिली जाते. ऑप्रीला ड्रमचे वावडे होते हे खरे. पण त्या रात्री एल्विस यांच्यासोबत गिटारवादक स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक हे दोघेच होते, ड्रमवादक त्यांना पुढे मिळाला. ज्यांच्या गाण्याशी त्यांनी खेळ केला त्या मन्रो यांना तर राग आला नाहीच, उलट त्यांनी स्वतःच ते गाणे नव्या ढंगात पुन्हा ध्वनिमुद्रित केले.

या किश्श्याचा उत्तरार्ध मात्र कोणी सांगत नाही. दोन आठवड्यांनी एल्विस ‘हेराइड’मध्ये गायले आणि त्यांनी तिथे दर शनिवारी हजर राहण्याचा करार केला. म्हणजे जी हजेरी ऑप्रीने त्यांच्याकडे मागितलीच नाही, ती ऑप्रीच्या प्रतिस्पर्ध्याने मागितली. पुढे कीर्ती वाढली, शनिवार परवडेनात, आणि १९५६ मध्ये त्या करारातून मोकळे होण्यासाठी १०,००० डॉलर मोजावे लागले. ऑप्रीने त्यांना सदस्य करून घेतले असते, तर हाच हिशेब नॅशव्हिलमध्ये झाला असता.

जॉनी कॅश यांच्याबाबत फार लिहिण्याचे कारण नाही. १९६५ मध्ये, नशेच्या गोळ्यांच्या अंमलाखाली, त्यांनी माइकच्या दांडीने मंचाच्या कडेचे दिवे फोडले आणि त्यांना परत येऊ नका असे सांगण्यात आले, इथपर्यंत सगळे खरे. ‘कायमची बंदी’ मात्र खोटी : १९६९ ते १९७१ या काळात त्यांचा स्वतःचा दूरचित्रवाणी कार्यक्रम त्याच रायमन सभागृहात चित्रित होत होता.

बायकांविषयीच्या आरोपात तथ्य आहे, पण ते आरोप करणारा सांगतो तिथे नाही. मिनी पर्ल १९४० मध्ये आल्या आणि १ डॉलर ९८ सेंटची चिठ्ठी लोंबणारी हॅट घालून जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी विनोदाची बाजू सांभाळली. त्यांना शोभेची बाहुली म्हणणे हा त्यांच्या कसबाचा अपमान आहे. पॅट्सी क्लाइन यांनी १९६० मध्ये सदस्यत्व स्वतः मागून घेतले. लोरेटा लिन १९६२ मध्ये, डॉली पार्टन १९६९ मध्ये आल्या. गाण्याची वेळ बायकांना मिळत होती. सूत्रसंचालन मात्र पुरुषांनी करायचे आणि बायकांनी त्यांनी बोलावल्यावर यायचे, ही चाल दीर्घकाळ टिकली. १९६७ मध्ये सदस्य झालेल्या जीनी सीली यांनी ती मोडून काढली. सीली ऑगस्ट २०२५ मध्ये वारल्या, तोवर त्या ऑप्रीच्या मंचावर ५,००० हून अधिक वेळा आल्या होत्या, आणि इतक्या वेळा दुसरा कोणताही कलाकार तिथे आलेला नाही. हजेरीच्या कसोटीवर शंभर वर्षांतला पहिला क्रमांक एका बाईचा लागतो.

तहहयात सदस्यत्वाचे उत्तर वरच्या १९६४ च्या घटनेत आलेच आहे. विली नेल्सन हेही एकेकाळी सदस्य होते आणि पुढे राहिले नाहीत. जॉर्ज स्ट्रेट तर कधीच नव्हते. आजची यादी पाहिली तर १९६१ पासून सदस्य असलेले बिल अँडरसन आणि २०२४ मध्ये घेतलेल्या लेनी विल्सन व स्कॉटी मॅकक्रीरी हे एकाच यादीत सापडतात. अँडरसन सदस्य झाले तेव्हा या दोघांच्या जन्माला तीस वर्षे अवकाश होता. इथे टीकाच करायची तर उलट दिशेने करता येईल. हजेरीची अट २००० च्या सुमारास १२ पर्यंत खाली आली, आता तिच्याबाबत पूर्वीचा कडकपणा उरलेला नाही, आणि सदस्य झाल्यानंतर क्वचितच फिरकणारे तरुण तारे आहेत. ठाण मांडून बसण्याची तक्रार ज्यांच्याविषयी केली जाते ते वृद्धच शनिवारचा गाडा ओढत आले आहेत.

राहिला कृष्णवर्णीय कलाकारांचा मुद्दा. जानेवारी १९६७ मध्ये चार्ली प्राइड ऑप्रीत प्रथम गायले; पुढे सदस्यत्वाचा प्रस्ताव आला तेव्हा शनिवारांच्या अटीमुळे त्यांनी तो स्वीकारला नाही, आणि ते सदस्य झाले ते १९९३ मध्ये. लिंडा मार्टेल १९६९ मध्ये आल्या, डॅरियस रकर २०१२ मध्ये सदस्य झाले. ही यादी तोकडी आहे, तिचा बचाव करण्याची माझी इच्छा नाही. परंतु ‘१९६७ पर्यंत एकही नाही’ हे विधान ऑप्रीवर अन्याय करते म्हणून नव्हे, तर डीफोर्ड बेली यांना पुसून टाकते म्हणून खोडले पाहिजे.

बेली माउथ ऑर्गन वाजवत. ते १८९९ मध्ये टेनेसीत जन्मले, त्यांचे आजोबा गुलामगिरीत जन्मलेले होते. १० डिसेंबर १९२७ च्या रात्री या कार्यक्रमाच्या आधी अभिजात संगीताचा कार्यक्रम प्रसारित झाला आणि त्यात आगगाडीचा भास निर्माण करणारी एक रचना होती. तिला उत्तर म्हणून जॉर्ज हे यांनी बेली यांना पुढे केले, बेली यांनी ‘पॅन अमेरिकन ब्लूज’मध्ये माउथ ऑर्गनवर धावती आगगाडी उभी केली, आणि त्यानंतर जॉर्ज हे म्हणाले की तासभर आपण ग्रँड ऑपेरा ऐकला, आता ग्रँड ओल ऑप्री ऐकू या. कार्यक्रमाला नाव पडले ते असे, एका कृष्णवर्णीय वादकाच्या वाजवण्यावर. १९२८ च्या ५२ शनिवारांपैकी ४९ शनिवार बेली हजर होते. रॉय अकफ, बिल मन्रो यांचे नाव अजून व्हायचे होते तेव्हा गर्दी जमावी म्हणून बेली यांना दौऱ्यावर सोबत नेले जाई; आणि रात्री मुक्कामाच्या हॉटेलात त्यांना खोली नाकारली जाई.

१९४१ मध्ये गाण्यांच्या हक्कांवरून रेडिओ केंद्रे आणि गीतकारांची संघटना यांच्यात वाद पेटला, जुन्या चिजा वाजवायला मनाई झाली, आणि बेली नवे काही शिकत नाहीत असे कारण दाखवून त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्या मूळच्या आळसामुळे ते शिकले नाहीत, असे जॉर्ज हे यांनी पुढे लिहिले. पंधरा वर्षे श्रोत्यांनी त्यांच्याकडून ज्या चिजांची मागणी केली त्याच वाजवायला आता बंदी होती, ही गोष्ट त्या स्पष्टीकरणात येत नाही. हँक विल्यम्स यांनी खाडे केले. किटी वेल्स आणि इतरांचे शनिवार कमी पडले. बेली यांचा हजेरीपट मात्र भरलेला होता. माझे हजेरीचे स्पष्टीकरण जिथे लागू पडत नाही अशी ही एकमेव मोठी घटना आहे, आणि त्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

बेली यांनी त्यानंतर नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचे दुकान चालवले आणि तीस वर्षांहून अधिक काळ ते लोकांसमोर क्वचितच वाजवायला आले. १९८२ मध्ये ते वारले. कंट्री संगीताच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव २००५ मध्ये लागले. मधल्या काळात, १९७४ मध्ये, ऑप्रीने त्यांना बोलावणे पाठवले. ती रायमन सोडून नव्या वास्तूत गेली होती, आणि तिथे १४ डिसेंबर रोजी, आपल्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, बेली माउथ ऑर्गन घेऊन आले. त्या दिवशी वार शनिवारच होता.