"काकू, जरा फ्रेममधून बाजूला व्हा ना"

हे वाक्य आज सकाळी साडेनऊला दादरच्या पुलाच्या जिन्यावर मला ऐकवलं गेलं. साडेनऊला! त्या वेळी तो जिना ज्यांनी चढला-उतरलाय त्यांना पुढचं काही सांगायला नको. तरी सांगते, कारण संध्याकाळ झाली तरी माझं डोकं शांत झालेलं नाही.

आई बरोबर होती. एकोणऐंशी वर्षांची, मार्चमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला घाबरते, म्हणून साध्या जिन्याने, कठडा धरून, एकेक पायरी. आणि नेमके कठड्यालाच चिकटून पाच जण, नाचाचं रील काढत. तीन पोरं, दोन पोरी. खालच्या पायरीवर तिपाई, तिच्यावर फोन, एकाच्या हातात तो डबा-स्पीकर. त्यावर तेच रॅप, तेच पंधरा सेकंद. कुठलं गाणं ते सांगत नाही, गेला महिनाभर तुमच्याही डब्यात तेच वाजतंय.

मी नीट म्हटलं, "बाळांनो, वाट द्या, आजींना कठडा धरायचाय." त्यातली एक मानही न वळवता म्हणाली, "काकू, जरा फ्रेममधून बाजूला व्हा ना, पंधरा सेकंदांचंच आहे."

बाजूला म्हणजे कुठे? एका अंगाने चढणारा लोंढा, मागून उतरणारा लोंढा, मधल्या पायरीवर माझी आई. पंधरा सेकंद झाले. एकाचा हात चुकला. परत. एकीचे केस डोळ्यांवर आले. परत. पाच वेळा केलं त्यांनी ते, मी मोजलं. पाचव्या वेळी कुणाच्या तरी पाठीवरच्या बॅगेचा धक्का लागला, आईच्या हातातली काठी निसटली आणि खडखडत खाली गेली. आई गेली नाही, कारण मागून उतरणाऱ्या एका मुलाने, कॉलेजातलाच असेल, तिचा दंड घट्ट धरला. त्याचं नावही विचारायचं राहिलं.

मग मी ओरडले. जिना दणाणेल एवढी ओरडले. आणि त्यांनी काय करावं? तिपाईवरचा फोन काढून माझ्याकडे वळवला. "काकूंचं पण टाकू रे, व्हायरल जाईल." माझी आई कठड्याला धरून थरथरतेय, आणि हे तिच्या थरथरण्याचं शूटिंग करतायत!

जिना आहे तो. मुंबईतल्या स्टेशनचा जिना. दादरहून चर्चगेटकडे निघालं की पुढचंच स्टेशन, तेव्हा त्याचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं. २९ सप्टेंबर २०१७. पाऊस पडत होता, माणसं पुलावर थांबली, खालून गाड्या येतच राहिल्या आणि चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. त्या दिवशी मी दादरलाच उतरले होते. गर्दीत फोन लागेना, आईचे सतरा मिस्ड कॉल. तेव्हापासून जिन्यावर कुणी उगाच थांबलेलं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. ही पोरं तेव्हा शाळेत असतील, मान्य. पण यांच्या घरातलं कुणीच लोकलने जात नाही का?

आणि हे आजचं नाही. २०१८ सालचं ते किकी आठवतंय? ड्रेक या रॅपरचं गाणं, 'इन माय फीलिंग्ज'. शिगी नावाच्या विनोदवीराने रस्त्यात उभं राहून त्यावर चार स्टेप्स केल्या, इन्स्टाग्रामवर टाकल्या, आणि गाणं अमेरिकेच्या यादीत दहा आठवडे पहिलं राहिलं. चालत्या गाडीतून उतरून नाचायचं खूळ नंतर आलं. आपल्याकडे मुंबई पोलिसांना ट्विटरवरून तंबी द्यावी लागली. तरी तीन तरुण लोकलच्या दारातून उतरून नाचलेच. वसईच्या रेल्वे कोर्टाने त्यांना तीन दिवस स्टेशन झाडायला लावलं. उत्तम शिक्षा. मला तर वाटतं तीन दिवस कमी झाले. २०२० च्या जूनअखेर टिकटॉक बंद झालं तेव्हा म्हटलं, सुटलो. दहा दिवसांत रील्स हजर.

रॅपशी माझं भांडण नाही, हे ठासून सांगते. नेझी कुर्ल्याचा, डिव्हाइन अंधेरीचा. या शहरात ते गाणं गल्लीतून वर आलंय आणि मला त्याचा अभिमान आहे. माझा भाचा मराठीत रॅप लिहितो. बापाच्या रात्रपाळीवर त्याने साडेतीन मिनिटांचं गाणं लिहिलंय, मी ऐकताना रडले. त्याला जो तो सांगतो, एवढं कोण ऐकतंय, आधी स्टेप बसेल असा तुकडा दे. तीन महिने शब्दाला शब्द घासणाऱ्या पोराला हे सांगायचं! माझा जीव तिळतिळ तुटतो.

गणपतीत आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात सहावीतल्या मुलींनी हाच नाच बसवला होता. पंधरा सेकंद झाले, गाणं पुढे सरकलं आणि सगळ्या जागच्या जागी थबकल्या. पुढचं गाणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं! मग स्पीकरवाल्या दादाने तोच तुकडा आठ वेळा लावला, आणि पहिलं बक्षीस त्यांनाच. पेटीवर अभंग म्हणणारी दुसऱ्या मजल्यावरची मुलगी उत्तेजनार्थ.

रात्रीच्या परतीच्या गाडीबद्दल तर बोलायलाच नको. ठाणे ते डोंबिवली, समोरच्या बाईच्या फोनवर तोच तुकडा, इअरफोन गळ्यात लटकलेला. गळ्यात! कानात घालायला काय होतं? सांगितलं तर म्हणते, "मग फर्स्ट क्लासने जा." फर्स्ट क्लासमध्येही तेच आहे बाई, मी पास काढून बघितलाय.

आज डॉक्टरांकडे पोचेपर्यंत आमचा नंबर गेला. आई एक शब्द बोलली नाही, नुसती काठी फिरवून फिरवून बघत होती. टोकाचं रबर जिन्यावरच कुठेतरी पडलं. येताना दोन दुकानांत विचारलं, त्या मापाचं मिळालं नाही. उद्या अकराचा नंबर आहे, म्हणजे पुन्हा तेच दादर, तोच जिना, आणि या वेळी काठी रबराशिवाय. कठड्यापाशी कुणी तिपाई मांडलेली दिसली तर ती उचलून मी खाली प्लॅटफॉर्मवर नेऊन ठेवणार आहे. काढा माझा व्हिडिओ. टाका.