जपानी पान, गोव्याचा पाव

इथे योकोहामात 'पान' म्हणजे ब्रेड. आपलं पान संस्कृत 'पर्ण'चं; जपान्यांचं पोर्तुगीज 'पांव'चं, म्हणजे आपल्या पावाचं सख्खं भावंड. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि १५४३ मध्ये ते जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. गोव्यात यीस्ट मिळेना, म्हणून पदेरांनी, म्हणजे तिथल्या पाववाल्यांनी, पीठ माडाच्या सुरेवर फुगवलं. तोक्योतल्या किमुराया बेकरीने १८७४ मध्ये तेच काम साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, आंबवणावर केलं, शिवाय आत अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण भरलं. तो 'आनपान' आजही खपतो. जपानमार्गे शब्द कोरियात गेला, 'प्पांग' झाला. १९४५ मध्ये जपानी सत्ता गेल्यावर कोरियनांनी जपानी शब्द निवडून काढायची मोहीम चालवली, त्यातही प्पांग वाचला.

आपल्याकडे मात्र पायाने तुडवतात म्हणून पाव, असं ठासून सांगणारे अजून भेटतात. (पाव किलोतला पाव वेगळा, तो 'पाद'वरून.)

मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाल्यापासून आमच्या घरच्या ग्रुपवर शुद्ध मराठीची लाट आली आहे. 'जपानी लोक बघा, भाषा कशी जपतात!' जपतात, पण सोवळं पाळून नाही. परके शब्द ते काताकाना लिपीत लिहितात आणि बिनदिक्कत वापरतात. दुसऱ्या महायुद्धात बेसबॉलमधल्या 'सुतोराइकु'ला (म्हणजे इंग्रजी 'स्ट्राइक'ला) अस्सल जपानी 'योशी' म्हणायला लावलं होतं. युद्ध संपलं, सुतोराइकु परत आला. २०१३ मध्ये गिफूच्या एका आजोबांनी बातम्यांतले इंग्रजी शब्द कळत नाहीत म्हणून एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेवर दावा ठोकला, १४ लाख येनांचा. कोर्टाने तो फेटाळला. आजोबांचं दुखणं मला खरं वाटतं. पण शब्दांची झाडाझडती हा त्यावरचा इलाज नव्हे.

सावरकरांचे दिनांक, क्रमांक, महापौर रुळले, कारण कचेरीत ते रोज लिहावे लागले. वेतन म्हणा म्हणून किती सांगितलं, तरी एक तारखेला विचारतात ते 'पगार झाला का?' असंच, आणि पगारही पोर्तुगीजच. इथे इंजिनिअरिंगची पाठ्यपुस्तकं जपानीत आहेत, प्राध्यापक जपानीत शिकवतात, कारखान्यातली बैठक जपानीत होते. एवढं असलं की हजार परके शब्द आले तरी भाषेला ते पचतात. ग्रुपवर मी विचारलं, नातवंडं गणित कुठल्या भाषेत शिकतात? उत्तरादाखल फक्त एक अंगठा आला.