हिरवा ठिपका आणि परमिजानो

परवा रविवारी पार्ल्याला मैत्रिणीकडे जेवायला गेले होते. तिच्या लेकीने हौसेने पास्ता केला होता. टेबलावर किसलेल्या चीजची बरणी होती. वर इटलीचा झेंडा, मोठ्या अक्षरांत 'परमेसान', खाली कोपऱ्यात हिरवा ठिपका. मैत्रिणीच्या सासूबाई ८१ वर्षांच्या, माळकरी. त्यांनी मला हळूच विचारलं, "तू जरा वाचून सांग गं, हे मला चालेल ना?" मी बरणी फिरवली, चष्मा लावला आणि मागचं बारीक लिखाण वाचलं. मायक्रोबियल रेनेट (म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं, प्राण्याचं नव्हे), स्टार्च, सेल्युलोज. म्हटलं, "चालेल काकी, निर्धास्त खा." त्या जेवल्या. लेक मात्र अभिमानाने म्हणाली, "मावशी, महाग आहे हं ते. खरं इटालियन आहे."

भरल्या ताटावर तिचा हिरमोड करणं मला जमलं नाही. पण गोष्ट मनातून जाईना, म्हणून इथे लिहिते. तीही वाचेल.

'परमेसान' हे नाव ज्यावरून आलं ते खरं इटालियन चीज, परमिजानो रेजानो, शाकाहारी असूच शकत नाही. आपण दुधाला विरजण लावतो तसं चीज करताना दूध फाडायला रेनेट लागतं, आणि परमिजानोच्या नियमांत ते वासराच्या पोटातून काढलेलंच हवं. दूध, मीठ आणि हे रेनेट, यापलीकडे चौथी वस्तू त्यात घालता येत नाही. मग स्टार्च आणि सेल्युलोज कुठून आलं? पार्मा, रेजो एमिलिया, मोदेना हे जिल्हे आणि बोलोन्या व मांतोव्हाचा काही भाग, एवढ्याच पट्ट्यात ते बनतं. किमान १२ महिने मुरतं, बरेचदा २४ किंवा ३६. एक किलोला साधारण १४ लिटर दूध लागतं. त्यात आपल्याकडे चीज आयात करायचं तर त्यातलं रेनेट प्राण्यापासून काढलेलं नाही असं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे मॉलच्या फळीवर हिरवा ठिपका लावून बसलेली वस्तू काहीही असेल, परमिजानो रेजानो नाही.

२०१८ साली मी आणि नवरा बोलोन्याला गेलो होतो. तिथल्या जुन्या बाजारात एका दुकानदाराने न मागता तीन तुकडे पुढे ठेवले, १२, २४ आणि ३६ महिन्यांचे. पहिल्याला दुधाचा गोडवा होता. तिसऱ्यात दाताखाली बारीक पांढरे कण येत होते. मला वाटलं मीठ. तो हाताने नाही नाही करत समजावू लागला. चीज मुरताना प्रथिनं फुटतात आणि टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाचे खडे तयार होतात, ते हे कण. चीजच्या चाकासारख्या गोल ठोकळ्याच्या पाठीवर सगळीकडून ठिपक्याठिपक्यांत नाव उमटवलेलं होतं. कुठूनही तुकडा कापा, सालीवर नावाचा थोडा तरी भाग येतोच. किसलेल्या चीजला साल नसते, त्यामुळे त्यात काय आहे याला काहीच पुरावा उरत नाही.

युरोपात हे नाव जपायला लोक कोर्टापर्यंत गेले. 'परमेसान' हा शब्दही परमिजानो रेजानोचीच आठवण करून देतो, असं युरोपियन न्यायालयाने २००८ साली म्हटलं. आपल्याकडे तोच शब्द कुठल्याही भुकटीवर छापलेला दिसतो आणि कुणाला काही वाटत नाही. मला वाटतं. फार वाटतं.

कारण आपण हापूसवाले आहोत. एप्रिल उजाडला की दादरला, क्रॉफर्ड मार्केटला 'देवगड' छापलेल्या पेट्या येतात आणि आत कर्नाटकचा आंबा निघतो. आपण किती चिडतो! देठाशी नाक नेऊन वास घेतो, सालीचा पातळपणा बघतो, पेटीवाल्याला बाग कुठली ते विचारतो. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, तेव्हा आपल्या प्रत्येक घरात आनंद झाला होता. आंब्याचं नाव त्याच्या मातीपासून तोडता येत नाही हे मुंबईतल्या मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. मग तेच नाक, तोच संशय घेऊन आपण त्या चकचकीत दुकानांत का शिरत नाही? तिथे एसी असतो, विकणारा इंग्रजीत बोलतो आणि आपण गप्प पैसे देऊन बाहेर पडतो.

काकींसारख्यांनी इटालियन खाऊच नये असं मी अजिबात म्हणत नाही. झेक प्रजासत्ताकात ग्रान मोराव्हिया नावाचं चीज बनतं, ब्रात्साले या इटालियन घराण्याचं. त्यात प्राण्याचं रेनेट नसतं, तेही महिनोन् महिने मुरवलेलं असतं, आणि ते स्वतःचं नाव लावून उभं राहतं. अशी वस्तू मी आनंदाने घेते. माझं भांडण दुसऱ्याचं नाव लावणाऱ्याशी आहे.

आता ऑलिव्ह तेल. यात आपण सगळ्यात जास्त फसतो. पश्चिम उपनगरातल्या एका मोठ्या दुकानात (नाव लिहीत नाही) तिथल्या मुलाने मला अगदी छातीठोकपणे सांगितलं, "मॅडम, पोमेस आणि एक्स्ट्रा व्हर्जिन सेमच असतं, पोमेस कुकिंगसाठी. आणि वजन कमी करायचं असेल तर एक्स्ट्रा लाइट घ्या." मुलगा विशी-बाविशीचा असेल. त्याला जे शिकवलं ते तो बोलला. राग त्याचा आला नाही. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाच लिटरचा पोमेसचा डबा उचलला, त्याचं वाईट वाटलं.

पोमेस म्हणजे काय हे आपल्या भाषेत सांगायचं तर पेंडीचं तेल. शेंगदाणा घाण्यावर गाळला की पेंड उरते. त्या पेंडीत राहिलेलं तेल सॉल्व्हंटने, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या रसायनाने, ओढून काढायचं, मग ते खाण्याजोगं व्हावं म्हणून रिफाइन करायचं. ऑलिव्हच्या चोथ्याचंही तेच करतात आणि चवीला त्यात थोडं व्हर्जिन तेल मिसळतात. ते विष नाही, तळणीला चालतं. पण घाण्याच्या तेलाची सर त्याला नाही हे आपल्या आजीलाही कळलं असतं. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे फळ दाबून, रसायन न वापरता काढलेलं तेल, ज्याची आम्लता ०.८ टक्क्यांच्या वर जात नाही. आणि 'एक्स्ट्रा लाइट'मध्ये हलकी असते ती चव आणि वास. कॅलरी तेवढ्याच, कारण तेल ते तेलच.

मी घेते ती सगळ्यात लहान बाटली, गडद काचेची. पारदर्शक बाटली ट्यूबलाइटखाली सहा महिने उभी असेल तर आतल्या तेलाला खवट वास येऊ लागलेला असतो, आणि आपल्या मे महिन्यात तर विचारूच नका. फळं कधी तोडली ती तारीख लिहिलेली असेल तर उत्तम. 'बॉटल्ड इन इटली' एवढंच असेल तर बाटली तिथे भरली इतकंच कळतं. ऑलिव्ह स्पेनचे असू शकतात, ट्युनिशियाचेही. जगात सगळ्यात जास्त ऑलिव्ह तेल स्पेनमध्येच होतं आणि तिथलं चांगलं तेल कुणापेक्षा कमी नाही, त्यामुळे स्पेनचं नाव पुढच्या बाजूला लिहायला लाज वाटायचं कारण नाही. हे तेल मी कच्चंच वापरते, सॅलडवर, पावावर, उकडलेल्या वालपापडीवरसुद्धा. फोडणीला माझ्या घरी शेंगदाण्याचं तेल आहे आणि राहील.

क्रॉफर्ड मार्केटविषयी मला फार माया आहे. लहानपणी बाबांचं बोट धरून तिथे जायचे. १८६९ ची ती दगडी इमारत, वरची कोरीव शिल्पं, आणि आतल्या गल्ल्यांत परदेशी चॉकलेटांचे, डबाबंद चीजचे ढीग. बाबा वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, चीजचा एक डबा घ्यायचे आणि आम्ही भावंडं तो पंधरा दिवस पुरवायचो. आजही पास्ता, ऑलिव्ह, केपर्सच्या खारवलेल्या कळ्या, अँकोव्हीचे छोटे खारवलेले मासे तिथे मॉलपेक्षा स्वस्त मिळतात. पण मागच्या एप्रिलमध्ये एका गाळ्यावर बघितलं, मऊ चीज फ्रिजबाहेर मांडलेलं आणि वेष्टण फुगलेलं. दुसऱ्या ठिकाणी आयातदाराचं स्टिकर नेमकं मूळ घटकांच्या यादीवर चिकटवलेलं. मी दोन्ही वेळा वस्तू परत ठेवली आणि कारण मोठ्याने सांगितलं. दुसरा दुकानदार ओशाळला आणि त्याने आतून स्टिकर बाजूला लावलेली बरणी काढून दिली. मागितलं तर मिळतं.

मोझरेलाबद्दल एक सांगायलाच हवं. इटलीच्या कंपानिया भागातली नावाजलेली मोझरेला म्हशीच्या दुधाची असते. आपण मुंबईकर तबेल्यातल्या म्हशीच्या दुधावरच वाढलो! आणि ही वस्तू ताजी खायची असते. दोन-तीन दिवसांत तिचा जीव जातो. ती विमानाने आणून, आठवडे थंडीत ठेवून, सोन्याच्या भावात का घ्यायची? इथे करणारे आता आहेत. मुंबईच्याच इलेफ्थेरिया या चीज करणाऱ्या कंपनीच्या ब्रुनोस्टला, म्हणजे नॉर्वेच्या पद्धतीच्या तपकिरी चीजला, २०२१ साली वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्यपदक मिळालं. त्यांनी 'नॉर्वेहून आणलं' असं लिहिलेलं नाही. मला हाच मार्ग खरा वाटतो. मोझरेला घ्यायची तर केल्याची तारीख बघा, पाण्यातली गोळी घ्या, त्याच दिवशी संपवा.

फेटा चीजचंही तसंच. युरोपात ते नाव ग्रीसच्या चीजलाच लावता येतं, तेही मेंढीच्या दुधाचं, फार तर ३० टक्क्यांपर्यंत शेळीचं दूध मिसळलेलं. आपल्याकडे गाईच्या दुधाचं मिळतं. चवीला वाईट नसतं, पण ते फेटा नाही. ट्रफल (जमिनीखाली उगवणारी महागडी अळंबी) ऑइलवर पैसे घालवू नका. बहुतेक बाटल्यांत साध्या तेलात कृत्रिम वास मिसळलेला असतो. बाल्सामिक व्हिनेगर सॅलडवर घ्यायचं तर साधं मोदेनाचं घ्या, पण १२ वर्षं लाकडी पिंपांत मुरलेलं 'त्रादित्सिओनाले' ही वेगळीच वस्तू आहे, शंभर मिलिलिटरच्या ठरावीक बाटलीत येते, आणि दोनशे रुपयांत ती कधीही मिळणार नाही.

डब्यातल्या टोमॅटोंवर मात्र मी खुशाल पैसे खर्च करते. नारायणगावहून येणारा टोमॅटो आमटी-भाजीला झकास, पण प्रवासात टिकावा म्हणून त्याची साल जाड आणि गर घट्ट. सॉस आटवायला बसलं की फरक कळतो. व्हेसुव्हियसजवळच्या सार्नो-नोचेरा भागातला सान मार्झानो टोमॅटो सोललेला, अख्खा किंवा उभ्या फाकांत येतो. 'सान मार्झानो' लिहिलेल्या डब्यात बारीक चिरलेले तुकडे किंवा प्युरी असेल तर तो मानांकनातला नव्हे.

आणि आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त आनंद दिला ती. त्याच मोठ्या दुकानात 'फारो' नावाचं धान्य सुंदर कापडी पिशवीत ठेवलेलं होतं. इटलीतल्या तोस्कानाचं, डोंगराळ भागातलं, सूप आणि सॅलडसाठी. दाणे हातात घेतले आणि थबकले. माझं माहेर सांगलीकडचं. हे तर खपली! घरी येऊन शोधलं, शास्त्रीय नाव तेच, ट्रिटिकम डायकोकम. फारो म्हणून तिथे प्रामुख्याने हाच गहू खातात. आमच्याकडे लग्नाकार्यात, जत्रेत खपलीची खीर व्हायची, सडलेली (म्हणजे कांडून टरफल काढलेली) खपली रात्रभर भिजवून, गूळ-खोबरं घालून चुलीवर तासन् तास. त्या पिशवीची किंमत आमच्या खपलीच्या कितीतरी पट होती. मी पिशवी जागेवर ठेवली आणि दादरला येऊन खपली घेतली. कांदा, लसूण, थोडी वाइन, भाज्यांचं पाणी हळूहळू घालत रिसोट्टोसारखी, म्हणजे इटालियन मऊ भातासारखी, शिजवली, वरून ग्रान मोराव्हिया किसलं. दाणा शेवटपर्यंत चिवट-मऊ राहिला, खीर होते तसाच. नवऱ्याने दोनदा वाढून घेतलं.

तेव्हापासून मला अशी नाती सापडतच जातात. अँकोव्ही ज्या कुळातली, त्याच कुळातली आपली मांदेली. फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे बेसिलचंच बी. मी चमचाभर खिडकीतल्या कुंडीत टाकलं तर पंधरा दिवसांत रोपं आली. पानाला थोडा लवंगेचा वास येतो, जेनोव्हाच्या बेसिलइतकं ते कोवळं नाही, पण पेस्टो, म्हणजे बेसिलची इटालियन चटणी, होतो आणि फार चांगला होतो. पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचा असतो, इटलीत सुक्या पास्त्यासाठी १९६७ पासून तसा कायदाच आहे. आपला बन्सी गहूही डुरमच. पाकिटावर मैदा लिहिलेला असेल तर तो पास्ता मी घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

मैत्रिणीच्या लेकीला मी पुढच्या रविवारी आमच्याकडे बोलावलंय, काकींनाही. खपलीचा रिसोट्टो करणार आहे. पण दादरच्या ज्या दुकानातून मी घ्यायचे तिथे सडलेली खपली यायची बंद झालीय, नुसतं पीठ मिळतं. गिरगाव, दादर, पार्ले, कुठेही सडलेली, अख्ख्या दाण्याची खपली मिळत असेल तर कमेंटमध्ये कृपया सांगा. शनिवारच्या आत हवी आहे, रात्रभर भिजवायची असते.