दुसरा रूळ टाकल्याने घाटाचा चढ कमी होत नाही

गेले काही दिवस गोव्यात एक मजकूर हातोहात फिरतो आहे. गोव्यातल्या वास्कोपासून कर्नाटकातल्या होस्पेटपर्यंतच्या लोहमार्गाचे दुपदरीकरण अडवणाऱ्यांनी राज्याचे नुकसान केले, असा त्याचा सूर आहे. दुसरा रूळ पडताच मुरगाव बंदरातला माल दुप्पट जाईल, घाटरस्त्यांवरचे ट्रक हटतील आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतले कारखानदार मुंबईकडे न वळता मुरगावातूनच निर्यात करतील, अशी तीन आश्वासने त्यात दिली आहेत. जड माल रस्त्याऐवजी रुळांवरून जावा, याविषयी माझे दुमत नाही. म्हणूनच ही आश्वासने तपासून पाहावीशी वाटली.

पहिले आश्वासन घाटापाशी अडते. कुळे ते कॅसलरॉक हा सुमारे २६ किलोमीटरचा ब्रागांझा घाट असून त्याचा तीव्रतम चढ ३७ मीटरला एक मीटर आहे. कुळे स्थानकावर थोडा वेळ उभे राहिले तरी याचा अर्थ कळतो. कोळशाने भरलेली गाडी येऊन थांबते, तिला रेटण्यासाठी जादा इंजिने जोडली जातात, ब्रेक तपासले जातात आणि मग ती पावसात भिजलेल्या रुळांवरून रांगत वर निघते. आयात झालेला कोळसा कर्नाटकातल्या तोरणगल्लूसारख्या ठिकाणच्या पोलाद कारखान्यांकडे जात असल्यामुळे वजनाचा मोठा भार चढणीच्याच दिशेने ओढावा लागतो, हे या मार्गाचे खरे दुखणे आहे. दुसऱ्या रुळामुळे समोरून येणाऱ्या गाडीसाठी ताटकळण्याचा वेळ वाचेल, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु इंजिने जोडणे, सोडणे आणि उतारावर जपून चालणे यात जाणारा वेळ तसाच राहील. कर्जत–लोणावळा घाटात तीन रूळ आहेत आणि चढही एवढाच आहे. तिथे आजही वर जाणाऱ्या गाड्यांना मागून इंजिने लावावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये नेमके हेच म्हटले होते: जाळ्यातल्या अत्यंत अकार्यक्षम टप्प्याची क्षमता थोडीफार वाढवण्यासाठी अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान पणाला लावले जात आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सोनावळी आणि दूधसागर यांच्या दरम्यान कोळशाच्या गाडीचे १७ डबे घसरले आणि प्रवासी गाड्यांचेही वेळापत्रक कोलमडले. दरड कोसळली, तर ती शेजारचा रूळ पाहून थांबणार नाही.

ट्रक हटतील, हे दुसरे आश्वासन. एका मालगाडीत साधारण साडेतीन-चार हजार टन माल मावतो, हा हिशेब बरोबर आहे. मात्र तो एकाच ठिकाणी भरून एकाच ठिकाणी उतरवायच्या मालाला लागू पडतो. अनमोड आणि चोर्ला घाटांतून येणारा ट्रक बेळगावची भाजी, कोंबड्या किंवा सिमेंटच्या गोण्या घेऊन येतो आणि म्हापशापासून काणकोणापर्यंत दहा ठिकाणी त्या उतरवतो. मडगावच्या बाजारात पहाटे उतरणारी कोबीची पोती मालगाडीच्या वाघिणीतून येतील, असे ज्याला वाटते त्याने एकदा तो बाजार पाहावा.

तिसरे आश्वासन वेर्ण्याच्या कारखान्यांचे, आणि ते तर नकाशावरच चुकते. युरोप-अमेरिकेकडे जाणारी मोठी कंटेनर जहाजे मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराला लागतात, म्हणून औषधांचे कंटेनर तिकडे जातात. ती वाट उत्तरेची, कोकण रेल्वेची आहे; ब्रागांझा घाटाशी तिचा काडीचाही संबंध नाही. केपे तालुक्यातील बाळ्ळी येथे कंटेनरसाठी तळ आहे, आणि ट्रक मालासकट सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा कोकण रेल्वेने १९९९ मध्येच सुरू केली असून कोलाडला चढलेला ट्रक वेर्ण्याला उतरतो. या मार्गावर रोहा–वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा सोडला, तर बहुतांश ठिकाणी अजून एकच रूळ आहे आणि प्रवासी गाड्यांच्या गर्दीत मालगाडीला वाट मिळत नाही. गोव्यातल्या कारखानदाराला दुसरा रूळ हवाच असेल, तर तो आधी इथे मागायला हवा.

राहिला ‘अडवणाऱ्यां’वरचा ठपका. सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी दुपदरीकरणाची जी मंजुरी रद्द केली, ती तिनईघाट–कॅसलरॉक–कुळे या टप्प्यापुरती होती, आणि जैवविविधतेवरील परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव आणण्याची मुभाही दिली. कुळ्याखालचा, वास्कोपर्यंतचा भाग त्या आदेशात नव्हताच. वास्कोजवळच्या वेळसाव-कासावली गावांत जो विरोध आहे, तो जमिनीच्या मालकीचा, रुळाला खेटून असलेल्या जुन्या घरांचा आणि उघड्या वाघिणींतून उडणाऱ्या कोळशाच्या भुकटीचा आहे. तिथल्या बाईने सकाळी ओसरी पुसल्यावर फडक्यावर येणारा काळा थर एका रुळाचा आहे. वाघिणींवर नुसती ताडपत्री न ओढता पक्की झाकणे बसवा, ही तिची मागणी दुपदरीकरणाच्या किती तरी आधी पूर्ण करता येते, आणि त्यासाठी घाटातले एकही झाड तोडावे लागत नाही.