सेंधव्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा विषाणू

२०२१ च्या मार्चमध्ये मध्य प्रदेश सरकारने कोरोनामुळे, सीमेजवळच्या सेंधव्यापलीकडे, महाराष्ट्रात ये-जा करणाऱ्या बसगाड्या बंद केल्या, तेव्हा पुण्याच्या एका लग्नावरून इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात जो वाद झाला, तो आजाराचा नव्हताच, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. काकांच्या मते पुण्याला जाणे म्हणजे मरण ओढवून घेणे होते, कारण तिथले सरकार कुचकामी. पण हरिद्वारच्या कुंभाला जाण्याची त्यांची तयारी मात्र चालू होती. कुंभाचे नाव काढताच संतापणारे मामा आदल्या ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणुकीच्या सभेसाठी इंदूरजवळच्या सांवेरला गच्च भरलेल्या जीपमधून जाऊन आले होते, आणि त्यात त्यांना काहीच वावगे वाटले नव्हते.

'नेचर ह्यूमन बिहेविअर' या नियतकालिकात २०२० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज सुमारे दीड कोटी मोबाइलच्या हालचाली तपासल्यावर असे दिसले, की २०१६ मध्ये ट्रम्प यांना कौल देणाऱ्या काउंटींमध्ये (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये) मार्च ते मे २०२० या काळात शारीरिक अंतर १४ टक्के कमी पाळले गेले. तिथे एका बाजूला आजाराचीच भीती कमी होती. आपल्याकडचा प्रकार मला निराळा वाटतो. भीती सगळ्यांनाच होती, परंतु ती विरुद्ध बाजूच्या गर्दीपुरती आणि विरुद्ध पक्षाचे राज्य असलेल्या गावापुरती. बंद काचांच्या गाडीत किती माणसे किती तास शेजारी बसणार, हा खरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. (२२ मार्च २०२० च्या संध्याकाळी जनता कर्फ्यू चालू असतानाच राजवाड्यावर थाळ्या वाजवत जमलेल्या इंदूरकरांनीही तो विचारला नव्हता.)

मी तटस्थ होतो, असे म्हणवत नाही. पुण्याचे आकडे मी रोज सकाळी वाचत असे आणि ते वाढले, की मनातल्या मनात काकांविरुद्ध उत्तरे जुळवत असे. इंदूरच्या आकड्यांकडे तेवढ्या आस्थेने कधी पाहिले नाही. लग्न पुढे ढकलले गेले, काकांचे हरिद्वारही राहिले. एप्रिलमध्ये काकूंसाठी रेमडेसिव्हिर मिळवायला मी दवाबाजारातल्या रांगेत पहाटेपासून उभा होतो. काकू त्या महिन्यात घरापासून भाजीवाल्याच्या गाडीपर्यंतच गेल्या होत्या.