बेचिराख म्हणजे जळालेलं नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. क्योनिग्सहागन या जर्मनीतल्या उजाड गावावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. प्लेग मी दोन ओळींत गुंडाळला. जर्मनीतला तुमचा भाचा सांगतो की अशी गावं स्वीडिश सैन्याने जाळली, ते मी लिहिलंच नाही. आणि शीर्षकात 'बेचिराख' लिहून आत म्हणतो, गाव ओस पडलं ते आगीमुळे नव्हे.

पहिला मान्य. 'प्लेगचा काही संबंध नाही' हे वाक्य आगाऊपणाचंच होतं, काढून टाकलंय.

दुसरा नाही. स्वीडिश फौजा तीस वर्षांच्या युद्धात, १६३० साली जर्मनीत उतरल्या. हार्त्स पर्वताच्या पायथ्याचं हे खेडं त्याच्या दोनशे वर्षं आधी, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीलाच जळालं होतं. मोठं युद्ध लोकांच्या लक्षात राहतं, मग रानातलं प्रत्येक पडकं भिंताड त्याच्याच खात्यावर मांडलं जातं. भाच्याचा दोष नाही.

आता प्लेग. तो त्या मुलखात १३४९-५० च्या सुमारास आला. त्यानंतर क्योनिग्सहागन दोन पिढ्या तरी नांदत होतं. पुरातत्त्वज्ञ वाल्टर यान्सन यांनी तिथे उत्खनन केलं, अहवाल १९६५ चा. त्यात चर्चभोवतीचा खंदकसुद्धा सापडला. गढीच म्हणा ना. अंगावर येणाऱ्या टोळ्यांची भीती होती, हे त्यावरून दिसतंच.

पण लाकडामातीची घरं त्या काळी जळायचीच, आणि माणसं पुन्हा उभी करायची. हे गाव परत का बसलं नाही? इथे प्लेग मागच्या दाराने आत येतो. खाणारी तोंडं घटली, धान्याचे भाव बसले, मजुरी मात्र चढली. हलक्या जमिनीत मरमर राबण्यापेक्षा शहर गाठावं, नाहीतर शेजारच्या गावात रिकामी पडलेली बरी जमीन धरावी. शेतीच्या इतिहासाचे अभ्यासक विल्हेल्म आबेल यांच्या अंदाजाने जर्मनीत १३०० च्या सुमारास १,७०,००० वस्त्या होत्या, पंधराव्या शतकाअखेर त्या १,३०,००० च्या आसपास उरल्या. एवढ्या सगळ्या कोणी जाळल्या नाहीत. सगळं एकट्या भावांवर ढकलणं मलाही पटत नाही. जुलै १३४२ च्या महापुरात कित्येक उतारांची माती ओघळी पडून वाहून गेली, तीही प्लेगच्या आधी.

राहिला 'बेचिराख'. त्यात राख नाही, चिराग आहे: बे-चिराग, जिथे दिवा लागत नाही ते. आपल्या महसुली दप्तरात बेचिराख गाव म्हणजे शिवार आहे, सारा आहे, पण पांढरीवर, म्हणजे गावठाणावर, वस्ती नाही; शेती शेजारगावची माणसं करतात. जर्मन 'व्युस्टुंग'चंही, म्हणजे तिकडच्या उजाड गावांचंही, पुष्कळदा असंच. घरं गेली तरी काळी, म्हणजे शेतजमीन, पुढे कसली जायची, नाहीतर तिच्यावर रान चढायचं.

रान चढलं तिथे शेत अजून दिसतं. त्यांचा जड नांगर माती एकाच बाजूला पलटायचा. पट्ट्याभोवती फेऱ्या मारत नांगरलं की माती दरवर्षी मधोमध सरकायची. अशा शंभरेक वर्षांनी पट्ट्याला पाठ येते. बीचच्या झाडांखाली त्या पाठी एकीशेजारी एक, कुठे कुठे गुडघ्याएवढ्या. भाच्याला म्हणावं, पातळ बर्फ पडल्यावर, उन्हं कलती असताना जा. उन्हाळ्यात पाल्यात काही दिसत नाही.